दार फोडायचे नियम

आज एका खेळातल्या बंद दाराविषयी बोलणार आहे. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, त्यातला एक डंजन मास्टर. तो सांगतो, 'तुम्ही तळघरात उतरलात. समोर लाकडी दार, आतून बंद.' बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनं काय करणार ते बोलतात, आणि जिथे निकाल उघड नसतो तिथे फासे पडतात. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतोच, 'मी तलवारीनं दार फोडतो.'

पंचाईत इथे सुरू होते. माणसाला तलवार लागली तर काय होतं, याचे नियम पानंच्या पानं आहेत. दार मात्र वार चुकवत नाही, उलटा वारही करत नाही. म्हणजे चिकाटी असेल तर टाचणीनंसुद्धा ते कधीतरी फुटायला हवं. आणि तसं होऊ दिलं तर कुलूप, किल्ली, गुप्त वाट या सगळ्याला अर्थ काय उरला?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ अमेरिकेत 1974 साली आणला. त्या पहिल्या पुस्तिकांमध्ये लाकूड किती जाड, हा प्रश्नच नव्हता. खांदा लावायचा, साधा फासा टाकायचा. 1 किंवा 2 पडला तर दार उघडलं. तेच दार राक्षसांना मात्र आपोआप उघडायचं. सरळसरळ पक्षपात! तिघांनी मिळून धक्का दिला तरी चालायचं, पण मग पलीकडे जे काही दबा धरून असेल त्याच्याशी चटकन दोन हात करण्याची संधी गेली. 1981 च्या बेसिक आवृत्तीत तळघरातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांनी मोजायचे. दर दोन पाळ्यांनी मास्टर फासा टाकणार, 1 आला की भटकं संकट हजर. दारापाशी जितका वेळ घालवाल तितके हे फासे वाढणार. मला विचाराल तर दाराचा खरा नियम हाच. दार फुटणार की नाही, यापेक्षा ते फुटेपर्यंत काय मोजावं लागणार, यात गंमत आहे.

1979 साली मास्टरसाठी जे जाडजूड पुस्तक आलं, त्यात गायगॅक्सनी एक तक्ताच देऊन टाकला. एका बाजूला वस्तू: हाड, कापड, काच, चामडं, आरसा, कागद, पातळ लाकूड, जाड लाकूड. दुसऱ्या बाजूला आपत्ती: आम्ल, चिरडणारा घाव, पडणं, आग, वीज. वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि तक्त्यातला आकडा गाठायचा. जादूगारावर आगीचा गोळा पडला आणि तो त्यातून वाचू शकला नाही, की मग त्याच्या पडशीची झडती सुरू. मंत्राची गुंडाळी गेली का? औषधाची कुपी? नकाशा? एकेका वस्तूसाठी फासा. तक्ता मोठा रसाळ आहे, पण खेळताना जीव मेटाकुटीला येतो. बरेच मास्टर त्या पानाकडे सोयीस्कर काणाडोळा करायचे.

2000 साली तिसरी आवृत्ती आली आणि वस्तूंना माणसांसारखे हिट पॉइंट, म्हणजे किती नुकसान सोसता येईल त्याचा आकडा, मिळाले, वर हार्डनेस नावाचा आकडा मिळाला. प्रत्येक घावातून हार्डनेस वजा करायचा. उरेल तेवढंच नुकसान. लाकडाचा हार्डनेस 5, दगडाचा 8, लोखंडाचा 10. साधं, इंचभर जाडीचं दार म्हणजे 10 हिट पॉइंट. आता खंजीर घ्या. त्याला चार बाजूंचा फासा. अंगात विशेष जोर नसेल तर जास्तीत जास्त 4, म्हणजे जन्मभर भोसकत बसलात तरी दाराला ओरखडा नाही. जोराचे 2 मिळवले तर फक्त 4 पडल्यावर 6 होतात, आणि 5 वजा जाऊन दाराचा 1 पॉइंट गळतो. चार घावांत सरासरी एक. म्हणजे दार पडायला चाळीसेक घाव. एका घावाला सहा सेकंद धरले तर चार मिनिटं. तेच एखाद्या दांडग्या गड्यानं दोन्ही हातांनी मोठी कुऱ्हाड चालवली तर दोन-तीन घावांत वाट मोकळी. लाकूड फोडलेल्या कुणालाही पटेल असं हे गणित आहे. बाकी कलमंही व्यवहाराला धरून: बाणांचं नुकसान निम्मं, आणि दोरीवर सोटा कितीही हाणा, ती तुटत नाही.

गडबड केली ती अॅडमँटीननं. हा त्या जगातला सर्वांत कठीण धातू. त्याचं पातं 20 पेक्षा कमी हार्डनेसला जुमानत नाही. सोन्याची 3000 नाणी जादा मोजली की मिळतं. फूटभर जाडीच्या बांधीव भिंतीला पुस्तकात 90 हिट पॉइंट दिलेत. अॅडमँटीनचा खंजीर आणि बऱ्यापैकी मनगट असेल तर सतराएक घाव, म्हणजे दोन मिनिटांच्या आत भिंतीला भगदाड! मास्टरनं आठवडाभर खपून काढलेला चक्रव्यूहाचा नकाशा केराच्या टोपलीत. त्यावर मास्टर दुसऱ्या कलमावर बोट ठेवतो: काही हत्यारं काही वस्तूंवर चालतच नाहीत, दगडाला टिकाव किंवा घणच हवा. मग वाद पेटतो आणि अर्धी संध्याकाळ त्यात जाते. मी दर वेळी मास्टरच्या बाजूनं असतो, हे कबूल करून टाकतो.

शत्रूच्या हातातलं हत्यारच तोडायचं, याला त्या आवृत्तीत 'संडर' म्हणत. लांब तलवारीचा हार्डनेस 10, हिट पॉइंट 5. एका घावात 15 चं नुकसान केलंत की तिचे तुकडे. डाव उत्तम, पण खेळाडू तो क्वचितच टाकत. कारण उघड आहे: शत्रू मेल्यावर ती तलवार आपलीच होणार असते! स्वतःच्या लुटीवर कोण घाव घालेल? उलट मास्टरनं खेळाडूची जादूची तलवार तोडली तर टेबलावर सुतकी शांतता पसरते. पात्र मेलं तर लोक नवं बनवतात. तलवार गेली तर महिनाभर कुरकुरतात. लोखंड गंजवून टाकणारा रस्ट मॉन्स्टर सगळ्यांना नकोसा वाटतो तो याचसाठी. त्याला ना भयंकर दात, ना विष, पण चिलखत घातलेला वीर त्याला बघून पळत सुटतो. हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यावरून गायगॅक्सना तो सुचला होता.

ढालीचं तसं नाही. ढाल मोडण्यासाठीच असते, हे जुने लोक जाणून होते. कोर्माक नावाच्या वीराच्या आइसलँडिक सागामध्ये द्वंद्वाचे नियम सांगितलेत, त्यात प्रत्येकाला तीन ढाली मिळतात. 1978 च्या 'रूनक्वेस्ट' या खेळानं अडवणारं हत्यार आणि ढाल, दोन्ही झिजतील अशी सोय केली होती.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014 च्या आवृत्तीत हार्डनेस नाही. आता लाकडाला लागायला 15 चा पल्ला, पोलादाला 19, आणि आकारमानाप्रमाणे हिट पॉइंट. फार मोठ्या वस्तूंना हवी तर किमान नुकसानाची मर्यादा घालायची. बाकी सगळं मास्टरच्या तारतम्यावर. खेळ भराभर चालतो हे खरं, पण खंजीरवाला पुन्हा दारापाशी येऊन बसला आणि संडर मूळ नियमांतून गायब झालं.

मला सगळ्यात आवडतो तो 'पाथफाइंडर' या खेळाचा 2019 मधला ढालीचा नियम. पोलादी ढाल: हार्डनेस 5, हिट पॉइंट 20, आणि 10 वर आली की ती मोडली असं समजायचं, दुरुस्त होईपर्यंत निरुपयोगी. समजा, राक्षसाचा 14 चा घाव आला. ढाल मध्ये घातली तर 5 तिनं खाल्ले, उरलेले 9 तुम्हालाही आणि ढालीलाही. ढाल आली 11 वर. पुढचा घाव 12 चा. आता ती मध्ये घातली तर तुमच्या अंगावर 7 च येतील, पण ढाल 4 वर उतरेल, म्हणजे मोडलीच. नाही घातली तर पुरते 12 अंगावर घ्या आणि ढाल वाचवा. फासा पडून गेलेला असतो, मास्टर तुमच्या उत्तराची वाट बघत असतो, आणि शेजारी बसलेला वैद्य हळूच सांगतो की माझ्याकडे आज मंत्र एकच उरलाय.