बर्फावरचा राखणदार



हॉकी हा शब्द कानी पडताच आपल्याकडे डोळ्यांपुढे उभे राहते ते हिरवे मैदान, वाकडी काठी आणि पांढरा चेंडू. कॅनडा देशात मात्र हॉकी म्हटली म्हणजे ती बर्फावरचीच. तेथे हिवाळ्यात नद्या व सरोवरे गोठतात, आणि गावोगावची मुले पायांत पोलादी पात्यांचे स्केट घालून त्या गोठलेल्या पाण्यावर दिवसभर हा खेळ खेळतात. याच खेळात अजोड ठरलेल्या बॉबी ऑर नावाच्या एका धंदेवाईक खेळाडूची ही हकीकत आहे. ती विजयाची आहे, तशीच ती विश्वासाची व विश्वासभंगाचीही आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेणे अवश्य आहे. सुमारे दोनशे फूट लांब व पंचाऐंशी फूट रुंद अशा बर्फाच्या अंगणात दोन्ही बाजूंचे सहा सहा गडी उतरतात. एक गोलरक्षक, दोन बचावाचे व तीन आघाडीचे, अशी त्यांची वाटणी असते. चेंडूऐवजी कठीण रबराची, तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची चकती असते. तिला पक म्हणतात. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. खेळाचा वेग इतका विलक्षण असतो की, मिनिटभराच्या आतच दमलेले गडी बाहेर घेऊन ताज्या दमाचे गडी आत सोडावे लागतात.

यांतील बचावाच्या गड्याचे काम म्हणजे शुद्ध राखणदारी. प्रतिपक्षाचा हल्ला अडवावा, अंगाने अंग भिडवून त्याच्या गड्याला कडेच्या फळ्यांकडे रेटावे, पक हाती लागला की तो आघाडीच्या गड्यांच्या हवाली करावा आणि आपण मागे उभे राहावे, असा जुना दंडक होता. या दंडकाला कारणही तसेच होते. बचावाचा गडी पुढे धावला आणि पक गमावून बसला, तर त्याच्या पाठीमागे मोकळे अंगण पडते आणि गोलरक्षक एकाकी सापडतो. म्हणून गोल करण्याची हौस राखणदाराने धरू नये, असेच शहाणे लोक सांगत.

बॉबी ऑरचा जन्म २० मार्च १९४८ रोजी ऑन्टॅरिओ प्रांतातील पॅरी साउंड या जॉर्जियन उपसागराकाठच्या लहानशा गावी झाला. वडील स्फोटक द्रव्यांच्या कारखान्यात कामाला होते. घरची स्थिती बेताचीच होती. मुलगा प्रथम आघाडीला खेळत असे. पण त्याच्या भाग्याने त्याला बको मॅक्डोनल्ड नावाचे गुरू लाभले. मॅक्डोनल्ड हे स्वतः एके काळचे नामांकित बचावपटू, आणि पुढे कॅनडाच्या लोकसभेतही निवडून गेलेले गृहस्थ. त्यांनी या चपळ पोराला बचावाच्या जागी उभे केले, आणि तरीही त्याच्या धावण्याला व पक खेळवीत नेण्याच्या स्वाभाविक ओढीला लगाम घातला नाही. शिष्याला नवी जागा द्यावी, पण त्याचा मूळ गुण मारू नये, हे गुरूचे मर्म त्यांना साधले होते.

१९६१ साली बॉस्टन ब्रुइन्स या धंदेवाईक संघाचे अधिकारी दुसऱ्याच मुलांची परीक्षा करण्यासाठी एका सामन्यास गेले असता त्यांची नजर या जेमतेम तेरा वर्षांच्या पोरावर खिळली. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याची सही मिळविली. मोबदल्यात काही रक्कम आणि घराच्या भिंतींना नव्या गिलाव्याचा खर्च, एवढेच या कुटुंबाच्या पदरात पडले! त्या काळी अशा कागदावर एकदा सही झाली की, खेळाडू त्या संघाशी जखडला जाई; दुसऱ्या संघाशी बोलणे करण्याची त्याला मुभा उरत नसे. चौदा वर्षांचा तो मुलगा ओशावा शहराच्या कुमारसंघाकडून खेळू लागला. पहिल्या वर्षी तो राही घरीच. सामन्याच्या दिवशी वडील किंवा शेजारी त्याला तासन् तास मोटार हाकून तेथे पोचवीत.

१९६६ साली अठरा वर्षांचा ऑर बॉस्टनला आला, तेव्हा त्या संघाची दैना झालेली होती. पण चारच वर्षांत चित्र पालटले. ऑर आपल्या गोलापाशी पक मिळवी आणि सारे अंगण ओलांडून तो थेट प्रतिपक्षाच्या गोलापर्यंत नेई. त्याचे पाय इतके वेगवान होते की, डाव फसलाच तर इतरांच्या आधी तोच माघारी पोचे. जुन्या दंडकातील धोका त्याने या गतीने जिंकला. १९६९-७० च्या हंगामात त्याने स्वतः ३३ गोल केले व ८७ गोलांना हातभार लावला. साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचे झाले. बचावाच्या गड्याने हा मान मिळविल्याचे तोवर कधी घडले नव्हते. पुढे १९७४-७५ मध्ये त्यानेच तो पुन्हा मिळविला, आणि त्याच्यावाचून दुसऱ्या कोणाही बचावपटूला तो आजतागायत साधलेला नाही.

पुढे धावणारा राखणदार आपले घर उघडे टाकीत असेल, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर आकड्यांतच आहे. एखादा गडी बर्फावर असताना त्याच्या संघाने किती गोल केले व किती खाल्ले, याचा हिशेब या खेळात ठेवतात. अधिक गड्यांच्या बळावर केलेले गोल त्यात धरीत नाहीत. १९७०-७१ मध्ये ऑरच्या नावावर ही बाकी १२४ निघाली. तो उच्चांक अद्याप अबाधित आहे. उत्कृष्ट बचावपटूचे नॉरिस पारितोषिक त्याने १९६८ पासून १९७५ पर्यंत सलग आठ वर्षे जिंकले.

१० मे १९७० हा दिवस बॉस्टनकर विसरत नाहीत. स्टॅन्ली चषकाचा अंतिम सामना सेंट लुईस संघाशी तीन-तीन गोलांवर बरोबरीत सुटून जादा वेळ सुरू झाला होता. चाळीसच सेकंद झाले असतील. ऑरने आपली जागा सोडून पुढे झेप घेतली, पक अडविला, तो गोलामागे उभ्या असलेल्या सँडरसनकडे ढकलला, आणि परत मिळताच गोलात मारला. प्रतिपक्षाच्या गड्याची काठी पायात अडकून तो उडाला आणि क्षणभर हवेत आडवा तरंगला. मुखावर मात्र विजयाचा आनंद! ते छायाचित्र जगभर गाजले. एकोणतीस वर्षांनी चषक बॉस्टनला आला. १९७२ साली तो पुन्हा आला, तेव्हाही निर्णायक गोल ऑरचाच होता.

पण या गतीची किंमत गुडघे देत होते. पहिल्याच हंगामात डाव्या गुडघ्याला इजा झाली, आणि पुढे त्याच्यावर वारंवार शस्त्रक्रिया होत राहिल्या. १९७५-७६ च्या हंगामात तो अवघे दहा सामने खेळू शकला.

याच सुमारास दुसरे संकट घरातूनच आले. ऑरचा सारा व्यवहार टोरांटोचे एक वकील ॲलन ईगल्सन पाहत. पहिला मोठा करार त्यांनीच करून दिला; १९६७ मध्ये स्थापन झालेल्या खेळाडूंच्या संघटनेचे सूत्रधारही तेच झाले. ऑर त्यांना भावासारखे मानी आणि ते सांगतील तेथे सही करी. १९७६ मध्ये करार संपला, तेव्हा बॉस्टनच्या मालकांनी त्याला संघाच्या मालकीत साडेअठरा टक्के हिस्सा देऊ केला होता. ही गोष्ट आपल्या कानावर कधी घातलीच गेली नाही, असे ऑरने पुढे सांगितले. तो बॉस्टन सोडून शिकागोला गेला. तेथे त्याच्या हातून सगळे मिळून सव्वीस सामने झाले. एक अख्खा हंगाम त्याने गुडघा बरा होण्याची वाट पाहण्यात घालविला, आणि नोव्हेंबर १९७८ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, खेळाचा निरोप घेतला. एकंदर ६५७ सामने, २७० गोल व ६४५ साहाय्ये ही त्याची कमाई. हिशेबाच्या वहीत मात्र शिल्लक जवळजवळ नव्हतीच. कराची देणी डोक्यावर होती. १९८० मध्ये त्याने ईगल्सन यांच्याशी संबंध तोडला.

९ जानेवारी १९७९ रोजी बॉस्टनने त्याच्या चार क्रमांकाला कायमची विश्रांती दिली. त्या रात्री टाळ्यांचा कडकडाट कित्येक मिनिटे थांबेना. त्याच वर्षी, नेहमीची प्रतीक्षेची मुदत बाजूस सारून, खेळाच्या कीर्तिमंदिरात त्याची स्थापना झाली. पुढे खेळाडूंच्या संघटनेच्या पैशांसंबंधी चौकश्या झाल्या, आणि १९९८ मध्ये ईगल्सन यांनी न्यायालयात फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. त्यांना अठरा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. ईगल्सन यांचेही नाव त्या कीर्तिमंदिरात होते. ते तेथे राहणार असेल तर आमची नावे काढून टाका, असे ऑरसह अनेक नामांकित खेळाडूंनी बजावले, तेव्हा ईगल्सन यांना तेथून पायउतार व्हावे लागले.

बर्फावर ज्याच्या पाठीमागे क्षणभरही जागा मोकळी राहत नसे, त्याच्या संसाराची पाठ अशी उघडी राहून गेली. याचे कारण बुद्धीची उणीव नव्हे. कागद वाचणे हा विश्वासाचा अपमान होय, अशी भाबडी समजूत पुष्कळ सज्जनांच्या मनात असते, तीच त्याला भोवली. परंतु ऑर त्या कडवटपणात बुडून गेला नाही. तो कष्टाने पुन्हा सावरला, आणि १९९६ च्या सुमारास त्याने स्वतःच तरुण खेळाडूंच्या मुखत्यारीचा व्यवसाय पत्करला. ज्या खुर्चीवरून त्याचे नुकसान झाले, त्याच खुर्चीवर बसून त्याने नव्या पोरांचे करार पाहिले. खेळ सुटला होता, गुडघे गेले होते; पण राखणदारी सुटली नव्हती.