वेळेवर सांगणं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

पहिल्या रांगेत बसलेले आमचे सर आणि बाई, आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला ‘नोकरीतली व्यावसायिकता आणि सॉफ्ट स्किल्स’ हा विषय दिला. मी म्हणालो, बाबांनो, मी काही प्रशिक्षक नाही. पुण्याकडच्या कारखान्यांत माल तपासण्यात पंचवीस वर्षं गेलेला माणूस आहे. ते म्हणाले, मग तेच सांग. म्हणून माझ्या एका चुकीची गोष्ट सांगतो. ती मी घरीही फारशी सांगितलेली नाही.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण गाव सोडताना आपण सगळ्यांनी ऐकली. डिप्लोमा झाला आणि मीही ती खिशात घालून पुण्याच्या एसटीत बसलो. पहिल्या कारखान्यात तपासणी विभागात लागलो. काम येत होतं, पण तोंड उघडायची भीती वाटायची. ‘मी करायलो’ म्हटलं की कोपऱ्यातून हसू यायचं, आणि इंग्रजीत तर पहिल्याच वाक्याला घाम फुटायचा. म्हणून मी गप्प राहायला शिकलो. लोक म्हणायचे, पोरगा शांत आहे, कामाचा आहे.

एके दिवशी शिफ्ट सुटताना माझ्या लक्षात आलं, की माझा मायक्रोमीटर शून्यावर बसत नाही. दोन शतांश मिलिमीटरचा फरक दाखवतोय. केसापेक्षाही बारीक गोष्ट. पण शाफ्टच्या कामात तेवढ्यानं माल वाया जातो. दिवसभर मी मोजून ‘बरोबर’ म्हटलेले नग चुकीचे होते. साहेब समोरच उभे होते. काय बोलावं, कोणत्या भाषेत बोलावं, याचीच जुळवाजुळव करत राहिलो आणि शेवटी न बोलता खोलीवर गेलो. रात्रभर ती म्हणच आठवत होती. सकाळची एसटी धरावी आणि परत यावं, असंही वाटलं.

माल गेला आणि परत आला. मेमो मिळाला तो मशीनवरच्या दादांना. वयानं माझ्या वडिलांएवढे. त्यांनी माझ्याच मापावर विश्वास ठेवला होता. तो कागद त्यांच्या हातात पाहिला तेव्हा मी साहेबांकडे गेलो आणि आपल्या परभणीच्या बोलीत, अडखळत, सगळं सांगितलं. साहेब माझ्या भाषेला हसले नाहीत. एवढंच म्हणाले, “परवा साडेपाचला सांगितलं असतंस, तर ट्रक गेटच्या आतच होता.”

दादांचा मेमो मागे घेतला गेला. पण महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं बरोबरच होतं.

मित्रांनो, मला व्यावसायिकता समजली ती त्या एका वाक्यात. टाय, इंग्रजी, हस्तांदोलन हे सगळं नंतर येतं, नाही आलं तरी निभावतं. वाईट बातमी वेळेत सांगता येणं हे मूळ कौशल्य आहे. काय बिघडलं, कुठपर्यंत पोचलं, आता काय करायचं, ही तीन वाक्यं कुठल्याही बोलीत चालतात.

आपल्या गावात याचं रोजचं उदाहरण आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या आपल्या कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा सल्ला निघतो. फवारणी पुढे ढकला, काढलेलं सोयाबीन झाकून ठेवा. तो साध्या मराठीत असतो. त्याची किंमत भाषेला नसते, पाऊस यायच्या आधी पोचण्याला असते. आपल्यातले बरेच जण सरकारी नोकरीत आहेत. त्यांना माहीत आहे, महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्यानुसार फाइल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये. टेबलासमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ‘आज होणार नाही, गुरुवारी या’ असं स्पष्ट सांगणं हीसुद्धा सेवाच आहे. त्याचा एक हेलपाटा वाचतो.

मग आपण गप्प का राहतो? मला वाटतं, ते आपण इथेच शिकलो. वर्गाची काच फुटली की ‘कोणी फोडली?’ याला साठ जणांचं एकच उत्तर असायचं. सांगणं म्हणजे चुगली. दुसऱ्याचं सांगणं ही चुगली असेलही, पण आपलं स्वतःचं सांगणं ही चुगली नव्हे. हा फरक मला फार उशिरा कळला.

पण औषधही इथेच मिळालं होतं. आमचे गणिताचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही खोडरबर वापरू द्यायचा नाहीत. ‘चुकलं तर एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहा,’ म्हणायचात. आम्हाला तो जाच वाटायचा. पुढे कारखान्याच्या नोंदवहीत हाच नियम भेटला. खरवडायचं नाही, एक रेघ, शेजारी सही आणि तारीख. सर, तुमचा नियम मी वहीत पाळला, तोंडानं पाळायला मात्र शिकायचं राहिलं होतं.

आता एक विनंती. या शाळेतून दरवर्षी मुलं-मुली पुण्या-मुंबईला, संभाजीनगरला जातात. आपल्यापैकी प्रत्येकानं वर्षातला एक रविवार त्यांना द्यावा. भाषण नको. फोनवर नाव सांगून बोलणं, रजेचा अर्ज लिहिणं, ‘समजलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणणं, आणि ‘माझ्याकडून चुकलं’ हे वाक्य मोठ्यानं म्हणणं, एवढं करून घ्यावं. शेवटचं आपणही त्यांच्यासोबत म्हणावं. माझं नाव आणि नंबर मी कार्यालयात पहिल्या ओळीवर लिहून आलो आहे. खाली भरपूर जागा आहे.