बंदा रुपया आणि त्यावरचा ओरखडा



वागण्याबोलण्यात चोख असलेल्या माणसाला आपण ‘बंदा रुपया’ म्हणतो. तो चांदीचा रुपया व्यवहारातून कधीच गेला. पण खेड्यापाड्यांतल्या जुन्या पेट्यांतून आणि देव्हाऱ्यांतून पाचदहा राणीछाप अजून निघतात. लक्ष्मीपूजनाला ते ताटात मांडायचे, आणि नड आली की विकायला न्यायचे. तिथे एखादा घेणारा रुपया उलटसुलट करून म्हणतो, “यावर ओरखडे फार आहेत हो, पुरता भाव मिळायचा नाही.” हे म्हणणे कितपत खरे, ते आज पाहू.

याचे उत्तर एका प्रश्नात आहे. समोरचा माणूस चांदी विकत घेतो आहे, की नाणे?

आधी चांदीचे पाहू. राणी व्हिक्टोरियाचा रुपया वजनाला एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. म्हणून तर सोनार ताजव्यात तोळ्याच्या वजनाऐवजी रुपयाच टाकीत. त्याचे बारा भाग केले, तर अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण. निव्वळ चांदी झाली सुमारे १०.६९ ग्रॅम. हीण मिसळायचे ते धातू कठीण व्हावा म्हणून, कारण शुद्ध चांदी फार मऊ असते.

आता ओरखडा म्हणजे काय? नांगराचा फाळ जमिनीतून गेला की तास पडतो, पण माती कुठे जाते? ती तासाच्या दोन्ही कडांना बसते. ओरखड्याचेही बहुतांशी तसेच. धातू बाजूला सरतो, नाण्यातून जात नाही. समजा, खोल ओरखड्याने ग्रॅमचा शंभरावा भाग निघून गेला. हिशेबाला सोपा म्हणून चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरा. रुपयातली चांदी झाली १,०६९ रुपयांची, आणि नुकसान झाले अवघे ९२ पैशांचे! तेव्हा चांदीच्या भावाने विकताना ओरखड्यापायी पाचपन्नास रुपये कापून घेणे न्यायाचे नव्हे. तुम्ही इतकेच म्हणा, “ओरखडा राहू द्या, वजन करा.”

वजन मात्र खरोखर घटते ते झिजेने. हजारो हातांतून फिरलेला रुपया गुळगुळीत होतो. १९०६ च्या नाणे कायद्यातही हाच विचार होता. ठरल्या वजनापेक्षा शेकडा दोनहून अधिक तूट आली, तर तो रुपया कायदेशीर चलन धरीत नसत. कानशीने कड घासलेली असेल किंवा भोक पाडलेले असेल, तरीही वजन कमीच भरते. हारात ओवण्यासाठी कडी जोडलेली असेल, तर डाखाची वजावट सराफ करतो, आणि ती रास्त आहे; कारण डाख म्हणजे चांदी नव्हे. आणखी एक गोष्ट. १९४० पासूनच्या रुपयांत चांदी निम्मीच आहे आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे. म्हणून वजनाआधी साल वाचा.

आता दुसरी बाजू. जुनी नाणी जमवणारा माणूस चांदी मोजत नाही. तो साल पाहतो, टांकसाळीची खूण पाहतो, चेहऱ्यावरची रेघ न् रेघ पाहतो. त्याच्या लेखी ओरखडा हा मोठा दोष. १९११ सालचा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. राजाच्या झग्यावर साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. तो डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, म्हणून पुढच्या वर्षी हत्ती बदलला. हौशी माणूस त्या हत्तीसाठीच हा रुपया शोधतो. ओरखडा नेमका हत्तीवरूनच गेला असेल, तर चांदी तेवढीच राहूनही त्याच्या दृष्टीने बरीचशी किंमत गेली. कडेवरची बारीक रेघ तो एकवेळ चालवून घेईल. चेहऱ्यावरची खोल रेघ, किंवा खरेपणा पाहण्यासाठी कुणी मारलेला छिन्नीचा घाव, त्याला चालत नाही.

भगिनींनो, इथे तुम्हांला मुद्दाम सांगायचे आहे. दिवाळी आली की आपण रुपये राखेने किंवा दंतमंजनाने लख्ख घासतो. हेतू चांगला, पण त्या घासण्याने एका वेळी शेकडो बारीक ओरखडे उठतात. रुपया चकाकतो आणि जाणकाराच्या मनातून उतरतो. चांदीवरचा काळेपणा म्हणजे हवेतल्या गंधकाचा पातळ थर. त्याने चांदीच्या मोलाला धक्का लागत नाही. पूजेपुरते साध्या पाण्याने धुवा आणि मऊ फडक्याने टिपून घ्या, घासू नका. प्रत्येक नाणे वेगळ्या कागदात ठेवा. रबर बँड लावू नका, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

हल्ली सराफाकडे लक्ष्मीचे चित्र असलेली, ९९९ आकडा कोरलेली नाणी मिळतात. ती जवळजवळ शुद्ध चांदीची, म्हणून मऊ. नखाएवढ्या धक्क्यानेही रेघ उठते. ती ज्या बंद पाकिटात येतात ते फोडू नका आणि पावती जपा. विकताना शुद्धतेची शंका उरत नाही. पण पाकीट फुटले, ओरखडा पडला, म्हणून चांदी कमी झाली असे समजू नका.

शिक्षक बंधूंनो, याचा एक छान पाठ होईल. शाळेतल्या तराजूवर मुलांकडून जुना रुपया तोलून घ्या. ११.६६ मधून भरलेले वजन वजा करायचे आणि शेकडा तूट काढायची. दशांशाचे गणित होईल, आणि घरचा ऐवज कुणी तोंडी हिशेबाने घेऊ लागला तर तेच मूल पुढे होऊन म्हणेल, “काका, आधी वजन करा.”

विकायला निघण्यापूर्वी साल वाचा, वजन करा, आणि नाणे वेगळे वाटले तर आधी जाणकाराला दाखवा. एकदा मुशीत गेलेला रुपया परत येत नाही.