जुन्या डिझेल मोटारीतील खडखड : आधी निदान, मग खोलणे

(शेतकऱ्यांसाठीच्या मासिक चर्चासत्रात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



मी कृषिविद्या विषयाचा शिक्षक. पीक, पाणी, खते आणि तणे हा माझा विषय. तेव्हा हा मास्तर आज इंजिनावर काय बोलणार, असे आपल्याला वाटले असेल. परंतु पीक पिवळे पडले तर आपण काय करतो ते आठवा. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता समजतो. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची शंका घेतो. लक्षण एकच, पण कारणे वेगळी. इंजिनाच्या आवाजाचेही असेच आहे. निदान न करता इंजिन खोलणे म्हणजे रोग न ओळखता फवारणी करण्यासारखे आहे.

माझ्या वडिलांकडे पंचवीस वर्षांची डिझेल मोटार आहे. बाजार, दवाखाना आणि पाहुणेरावळे, सर्व तिच्यावरच चालते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तिच्या इंजिनातून टकटक, खडखड असा आवाज येऊ लागला. गाडी तापली आणि एका जागी स्लोवर उभी असली की आवाज स्पष्ट यायचा, रेस दिली की दबायचा. एका मिस्त्रींनी टॅपेट लावून दिले. फरक पडला नाही. दुसऱ्यांनी कान देऊन सांगितले, "सर, बेरिंग गेलंय. इंजिन उतरवावं लागणार." खर्च सांगितला चाळीस हजार रुपये. खरिपाच्या बियाण्यासाठी आणि खतांसाठी घरात ठेवलेली रक्कम जवळपास तेवढीच होती.

मीही एक चूक केली. कोणीतरी सुचवले म्हणून जाड ऑईल घातले. चार दिवस आवाज कमी वाटला, मग पुन्हा पहिल्यासारखा. वडील म्हणाले, "अरे, तू पोरांना प्रयोग शिकवतोस ना? मग गाडीवर अंदाजानं का औषध मारतोस?" त्यांचे बरोबर होते. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो.

डिझेल इंजिन मुळात का वाजते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान 500 अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा सुटतो आणि पेटतो. फवारा सुटणे आणि पेटणे यांत अत्यल्प वेळ जातो. तेवढ्या वेळात साठलेले डिझेल एकदम पेटते आणि ठोका बसतो. थंड इंजिनात हा वेळ वाढतो, म्हणून सकाळी आवाज जास्त येतो आणि इंजिन तापल्यावर कमी होतो. हा आवाज स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही राहणारा, नव्याने सुरू झालेला किंवा एकाच सिलिंडरमधून येणारा आवाज मात्र तपासला पाहिजे.

तपासणीचा क्रम

तपासणी बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे करावी. एका वेळी एकच बदल करावा.

1) प्रथम ऑईल पाहावे. गाडी सपाट जागी उभी करून पट्टीवरील पातळी तपासावी. ऑईलचा लाल दिवा इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. दिवा पेटत राहिला किंवा खालून जड ठोके येऊ लागले तर इंजिन ताबडतोब बंद करावे व गाडी ओढून न्यावी. तेथे पुढील प्रयोग करू नयेत.

2) आवाज केव्हा येतो याची नोंद करावी : थंड असताना की तापल्यावर, स्लोवर की रेस दिल्यावर, उभ्या गाडीत की चढावर. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर दोष क्लच किंवा गिअरबॉक्सच्या बाजूला शोधावा.

3) बाहेरचे सैल भाग तपासावेत. सायलेन्सरचा क्लॅम्प, उष्णतारोधक पत्रा, बॅटरीची पट्टी आणि इंजिनाची फाउंडेशन रबरे पाहावीत. सैल पत्र्याचा आवाज इंजिनाच्या पोटातून आल्यासारखा वाटतो. ही तपासणी इंजिन बंद आणि थंड असताना हाताने हलवून करावी.

4) इंजिन बंद करून बाहेरचा पट्टा उतरवावा आणि उभ्या गाडीत इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवावे. आवाज गेला तर दोष अल्टरनेटर, पाण्याचा पंप किंवा पट्ट्याच्या पुलीत आहे. पाण्याचा पंप थांबलेला असू शकतो, म्हणून जास्त वेळ चालवू नये. टायमिंगच्या पट्ट्याला हात लावू नये.

5) मीटरभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक इंजिनाजवळ फिरवावे. आवाज कोठे मोठा होतो ते कळते. पदर, उपरणे, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी.

माझ्या वहीत एवढे झाल्यावर नोंद होती : ऑईल ठीक, क्लचने फरक नाही, पट्टा काढूनही आवाज कायम, तिसऱ्या सिलिंडरजवळ मोठा.

एकेक सिलिंडर बंद करून पाहणे

ही चाचणी फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनातच आणि जाणत्या मिस्त्रींकडूनच करून घ्यावी. नव्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब 1000 बारच्याही वर असतो, तेथे नळीचा नट कधीही सैल करू नये. जुन्या इंजिनातही डिझेलच्या धारेसमोर हात धरू नये. ती धार कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखान्यात जावे.

इंजिन स्लोवर ठेवून एका इंजेक्टरच्या नळीचा नट अर्धा आटा सैल करतात. त्या सिलिंडरला डिझेल मिळणे थांबते. आवाज थांबला तर तो त्याच सिलिंडरचा. नट आवळून मग पुढचा सिलिंडर पाहतात. आमच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरला आवाज थांबला. मिस्त्री म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो, तिसऱ्याचं बेरिंग!"

खरी अडचण येथेच होती. बेरिंग ढिले असेल तरी डिझेल बंद केल्यावर आवाज दबतो, आणि नोझल खराब असेल तरी दबतो. या चाचणीने सिलिंडर कळला, कारण कळले नाही. मी विनंती केली, "मिस्त्री, पहिल्याचा इंजेक्टर तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा पहिल्यात बसवून बघू." नवे तांब्याचे वॉशर घालून त्यांनी अदलाबदल केली. नळ्यांतील हवा काढून इंजिन सुरू केले. आता नट सैल केल्यावर आवाज पहिल्या सिलिंडरला थांबला! बेरिंग जागा सोडून जात नाही. इंजेक्टर गेला, त्याच्याबरोबर आवाजही गेला. म्हणजे दोष इंजेक्टरचा.

पंप-नोझलच्या दुकानात चाचणी यंत्रावर पाहिले तेव्हा त्या नोझलमधून बारीक फवारा न येता डिझेल ठिबकत होते. ठिबकलेले डिझेल एकदम पेटून ठोका देत होते. नोझल बदलली, दाब लावून घेतला. दोन हजारांच्या आसपास खर्च आला. गाडी आजही चालते आहे. मिस्त्रींना मी दोष देत नाही. त्यांचा कान खोटा नव्हता, फक्त एक चाचणी कमी पडली होती.

दोष आला कोठून?

आमच्या शेतावर पंपासाठी डिझेलचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. बाजाराची घाई असली की वडील त्यातलेच डिझेल मोटारीत ओतत. डबा तळाशी गंजलेला आणि रात्री गारव्याने आत पाणी धरणारा. फिल्टर उघडला तेव्हा खाली पाणी आणि तांबूस गाळ निघाला. बारीक गंज व पाणी नोझलची सुई खराब करतात. नोझल बदलून डबा तोच ठेवला असता तर वर्षभरात पुन्हा तोच खर्च आला असता.

म्हणून डिझेल स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. ओतण्यापूर्वी एक दिवस स्थिर राहू द्यावे, तळाचे चार बोटे डिझेल घेऊ नये व बारीक जाळीतून गाळावे. फिल्टरखालचे पाणी पावसाळ्यात दर आठवड्याला काढावे. फिल्टर वेळेवर बदलावा. हेच नियम आपल्या ट्रॅक्टरला आणि पंपाच्या इंजिनालाही लागू आहेत. एका सिलिंडरच्या पंपात अदलाबदल करता येत नाही, तेव्हा इंजिन खोलण्याआधी नोझल दुकानात तपासून घ्यावी.

बंधूंनो, गाडी वाजू लागली की आधी वही काढा, पाना नंतर. आणि मिस्त्रींकडे जाताना "आवाज येतोय" एवढेच न सांगता तो केव्हा येतो, केव्हा थांबतो आणि आपण काय काय पाहिले हे सांगा. त्यांचे काम सोपे होईल आणि आपल्या बियाण्याचे पैसे घरात राहतील.