प्रौढ विद्यार्थी आणि संस्थेची पारख



चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा महाविद्यालयात नाव घालावे काय, हा प्रश्न आता मध्यमवर्गीय घरांत, संकोचाने का होईना, विचारला जाऊ लागला आहे. कोणाची पदवी घरच्या जबाबदाऱ्यांपायी अर्ध्यावर राहिलेली असते, कोणाची पदोन्नती पदवीवाचून अडलेली असते, तर मुले मार्गी लागल्यावर एखाद्या भगिनीला संस्कृत मनापासून शिकायचे असते. शिकावे की नाही, याचे उत्तर आपल्या परंपरेने केव्हाच दिले आहे. तैत्तिरीय उपनिषदातील आचार्य गुरुगृह सोडून निघालेल्या शिष्याला, म्हणजे उद्याच्या गृहस्थाला, स्वाध्यायात प्रमाद करू नकोस असे बजावतात. म्हणून आज मी बोलणार आहे ते पुढच्या प्रश्नाविषयी. शिकावे, पण कोठे?

अठराव्या वर्षी महाविद्यालय बहुधा आपले गुण आणि आपले वडील निवडतात. प्रौढ विद्यार्थी मात्र ते स्वतः निवडतो. त्याचा स्वभाव घडलेला असतो, काही तत्त्वे त्याने आयुष्यात जपलेली असतात. आपल्या मूल्यांशी जुळणारी संस्था असावी, ही त्याची अपेक्षा रास्तच आहे. परंतु संस्थेची मूल्ये ओळखायची कशावरून? येथे आपल्यासारखी विचारनिष्ठ माणसेच फसण्याचा संभव अधिक. प्रवेशद्वारी महापुरुषाचा पुतळा, सभागृहात सरस्वतीची प्रतिमा, माहितीपत्रकावर संस्कृत बोधवाक्य आणि संचालक मंडळात एखादे ओळखीचे नाव एवढे दिसले की आपले समाधान होते. ज्या चिकित्सेने आपण भाजी घेतो, तेवढीही चिकित्सा मग आपण करीत नाही.

मित्रहो, मूल्ये भिंतीवर दिसत नाहीत. ती व्यवहारात दिसतात. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा इतिहास आठवा. १८८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर अध्यापनाचे व्रत घेतले होते. पुढे वाद झाला तो या व्रताच्या अर्थावरूनच. आजीव सदस्याने बाहेरून अर्थार्जन करावे काय, संस्थेखेरीज अन्यत्र आपला वेळ द्यावा काय, हे त्या वादातील कळीचे प्रश्न होते. लोकमान्यांनी १८९० साली संस्थेचा राजीनामा दिला. कोणाची बाजू बरोबर होती, हा आजचा विषय नाही. पण ध्येयवादाची कसोटी जमाखर्चाच्या वहीत आणि वेळापत्रकात लागते, हे त्या पिढीने पुरते जाणले होते.

दुसरे उदाहरण पुण्याच्या सेवासदनाचे. रमाबाई रानडे स्वतः विवाहानंतर, घरातील स्त्रियांचा रोष सोसून शिकल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, तेव्हा प्रौढ विवाहित स्त्रिया आणि विधवा यांना शिकता यावे, याचा तेथे मुद्दाम विचार झाला. वय उलटलेल्या विद्यार्थिनीची अडचण ही त्या संस्थेला तक्रार वाटली नाही. ती अडचण हेच तिचे कार्य होते.

या दोन उदाहरणांवरून आजच्यासाठी काही कसोट्या निघतात.

पहिली सत्याची. संस्था आपल्याविषयी खरे सांगते काय? दूरशिक्षण किंवा ऑनलाईन अभ्यासक्रम घ्यायचा असेल, तर संस्थेला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला त्या वर्षासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे ना, हे आयोगाच्या यादीतच पाहावे. मध्यस्थाच्या शब्दावर जाऊ नये. आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरली जाते. मात्र वैद्यक, परिचर्या, विधी असे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने देता येत नाहीत. असे कोणी देऊ करीत असेल, तर तेथील बोधवाक्य कितीही उदात्त असो, पाठ फिरवावी.

दुसरी परीक्षेची. ‘तुम्ही फक्त शुल्क भरा, उत्तीर्ण होण्याचे आम्ही पाहतो,’ असे सुचविणारी संस्था आपल्याला पदवी विकत असते. भ्रष्टाचारावर बैठकीत तावातावाने बोलणाऱ्याने अशी पदवी घरात आणावी काय? मुले आपल्या भाषणांपेक्षा आपले व्यवहार अधिक बारकाईने पाहतात.

तिसरी आस्थेची. दिवसभर राबून आलेल्या विद्यार्थ्याला शिक्षक भेटतात काय? शुल्काची पावती मिळते काय? मराठीतून लिहिण्याची मुभा आहे काय? १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने ज्ञानगंगा घरोघरी नेण्याचे ब्रीद घेतले. पण आपल्या गावचे अभ्यासकेंद्र ते ब्रीद कसे पाळते, हे तेथे आधी शिकून गेलेल्यांनाच विचारावे. आणि तेथील शिक्षकांना वेतन वेळेवर मिळते काय, हेही विचारण्यास कचरू नये. जी संस्था गुरूला उपाशी ठेवते, तिने गुरुपौर्णिमा साजरी केली काय आणि न केली काय!

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मूल्ये जुळणे म्हणजे मते जुळणे नव्हे. आपल्या विचारांशी असहमत असलेला, पण उत्तरपत्रिका प्रामाणिकपणे तपासणारा प्राध्यापक, आपलीच मते घोकणाऱ्या आळशी प्राध्यापकापेक्षा कितीतरी श्रेष्ठ. आपल्याकडे पूर्वपक्ष यथार्थ मांडल्याशिवाय सिद्धान्ताला मान मिळत नसे. जो विचार वर्गातील एका प्रश्नाने डळमळतो, तो आपण नुसता ऐकलेला असतो.

शेवटी, प्रौढाचे शिक्षण एकट्याचे नसते. त्या शुल्कात घरचा पैसा असतो आणि अभ्यासाच्या रविवारी वृद्ध आईवडिलांचे औषधपाणी दुसरे कोणीतरी पाहत असते. म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून या कसोट्या लावाव्यात. संस्था परिचितांची असेल, तर अधिक काटेकोरपणे लावाव्यात. परक्याने फसविले तर पैसा जातो. आपल्यांनी फसविले तर श्रद्धाही जाते. ती पुन्हा मिळविण्यास एक आयुष्य पुरत नाही.