मध्यस्थाकडे जाताना

घटस्फोटाचा दावा कौटुंबिक न्यायालयात दाखल झाला की पुष्कळदा नवरा-बायकोला मध्यस्थाकडे पाठवलं जातं, आणि दोन्ही घरांत एकच धास्ती पसरते: आता पुन्हा नांदायला लावणार. ही धास्ती उगाच नाही. समझोत्याचा प्रयत्न करणं हे 1984च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानं न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलं आहे, आणि नातेवाइकांच्या बैठकीत ‘जरा सांभाळून घे’ एवढंच ऐकत आलेल्या बाईला मध्यस्थीतही तीच बैठक दिसते. पण एकत्र राहण्याची वाट खुली ठेवूनही मध्यस्थीचा खरा उपयोग वेगळं होणाऱ्यांनाच आहे, असं माझं ठाम मत आहे. मूल कुणाकडे राहणार, पोटगी किती, घराचे हप्ते कोण फेडणार, स्त्रीधन कधी परत मिळणार, हे प्रश्न निकालानंतरही उरतातच.

न्यायालय पुराव्यावर चालतं, म्हणून तिथं प्रत्येक शब्द जपून बोलावा लागतो. ‘मूल रोज सांभाळणं मला झेपणार नाही’ असं एखादा बाप साक्षीत म्हणाला, तर उलटतपासणीत तेच त्याच्यावर उलटेल. मध्यस्थ मात्र दोघांना एकत्र भेटतात, मग एकेकाला वेगळं. वेगळं सांगितलेलं परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कानी जात नाही. बोलणी फिसकटली तर न्यायालयाला फक्त ‘तडजोड झाली नाही’ एवढंच कळवलं जातं. या आडोशामुळेच तो बाप खरं बोलू शकतो, आणि मग शनिवार-रविवार कुणाकडे, दिवाळीची सुट्टी कुणाकडे, हे मुलाच्या सोयीनं ठरतं. ठरलेलं कागदावर येतं, दोघं सह्या करतात, आणि सहसंमतीच्या घटस्फोटाचा मार्ग मोकळा होतो. त्यातली सहा महिने थांबण्याची मुदत माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2017मध्ये सांगितलं. ती माफ करताना पोटगी आणि मुलाचा ताबा खरोखर मिटला आहे का, हेही पाहिलं जातं.

यावर आक्षेप येतो, की ज्याच्या हाती पैसा त्याचाच शब्द इथं चालणार. आक्षेप रास्त आहे. जिथं मारहाण आहे, भीती आहे, तिथं समोरासमोर बसवणंच चूक. तिथं आधी 2005च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षणाचा आदेश हवा. कारण ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नसेल, तर सहीला काय अर्थ? परंतु वर्षानुवर्षं तारखा पडत राहिल्या तर आधी थकते ती कमाई नसलेली बाजूच. तेव्हा उपाय मध्यस्थी टाळण्यात नाही, पैशाची माहिती आधी उघड करून घेण्यात आहे. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020मध्ये बंधनकारक केलं. ते प्रतिज्ञापत्र हाती आल्याशिवाय, आणि आपल्या वकिलाला दाखवल्याशिवाय, पोटगीच्या कोणत्याही आकड्याला होकार देऊ नका. मुलाच्या ताब्याचं थोडं निराळं आहे: मूल वाढतं, शाळा बदलते, आणि त्याच्या हितासाठी आज ठरलेलं उद्या न्यायालयाकडून बदलूनही घेता येतं.