अंधारातील जागरण



आपल्या साहित्याने अंधाराला निद्रेचे व अज्ञानाचे रूपक मानले. दृष्टिपटलाची साक्ष मात्र निराळी आहे. अंधारात तेथील कोट्यवधी दंडपेशी स्वस्थ नसतात. त्यांच्यातून विद्युत्प्रवाह अखंड वाहतो आणि ग्लुटामेट हे रसायन सतत स्रवत राहते. प्रकाश पडताच प्रवाह मंदावतो, स्राव घटतो. दिसण्याचा आरंभ या घटीतूनच होतो. १९७० साली हेगिन्स, पेन व योशिकामी यांनी या ‘अंधार-प्रवाहा’चे वर्णन केले. अशा जागत्या पेशीला एकाच प्रकाशकणाचीही चाहूल लागते. मात्र लख्ख उजेडातून आल्यावर तिला पूर्ण सावध होण्यास सुमारे अर्धा तास लागतो. दुर्बोध म्हणून ग्रंथ चटकन मिटणाऱ्या वाचकाने तो अर्धा तास स्मरावा.